पाणी खंय जाता?

१९८९ सालचा मे महिना. सिंधुदुर्गातल्या धामापूर गावातल्या एका घराच्या आढ्याला टेकून मी टेप धरून बसलो होतो. सिव्हिलचा डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली होती. मुंबईहून आलेल्या घरमालकाला छपराचे नळे काढून वर पत्रे घालायचे होते आणि त्याचा खर्च काढून देणं एवढंच माझं काम होतं. सोबत एक म्हातारे सुतार होते. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, सगळ्यांचे ते मेस्त. मी वरून आकडे सांगत होतो, खाली घरमालकाचा मुलगा ते लिहून घेत होता. मेस्त खळ्यात उभे राहून बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "झिला, मापां मगे घे. पयलां सांग, पाणी खंय जाता?"

"खळ्यात," मी म्हटलं.

"मगे?"

"गटारात."

"मगे?"

पुढचं मला माहीत नव्हतं. त्यांनी मला खाली उतरवलं, चपला काढायला लावल्या आणि मे महिन्याच्या त्या कोरड्या उन्हात, थेंबभर पाणी नसताना, आम्ही दोघं पाण्याच्या मागे चालत निघालो. पागोळ्या पडून पडून जोत्याच्या कडेला चिऱ्यात खळगे झाले होते, तिथून सुरुवात. खळ्याला डोळ्यांना न दिसणारा उतार होता, पण पायाला तो कळत होता. पुढे माडाचं आळं, आळ्याच्या पलीकडे गडग्याच्या तळाशी एक चिरा मुद्दाम काढून ठेवलेला, त्यातून पाणंदीत, पाणंदीतून व्हाळात, व्हाळातून मळ्यात. मळ्यातल्या भाताच्या पहिल्या कोपऱ्याच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, मेस्त बसले आणि मागे वळून घराकडे बोट दाखवत म्हणाले, "आता घर बघ."

तिथून ते घर मला पहिल्यांदा नीट दिसलं. डोंगराला पाठ, मळ्याला तोंड, अंगावर छपराची मोठी टोपी ओढून बसलेलं. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला, हाकेच्या अंतरावर, त्याच उंचीवर, त्याच चालीने बसलेली दुसरी घरं. कुणी दोरी लावलेली नव्हती, तरी सगळी एका ओळीत होती. ती ओळ डोंगराच्या पायथ्याची होती.

त्यानंतर पस्तीसहून अधिक वर्षं मालवण आणि कुडाळ तालुक्यांत मी जुनी घरं दुरुस्त करतो आहे. नवीही बांधली, पोट त्यावरच चाललं. पण गाव कसं वाचायचं हे त्या दुपारी कळलं, ते आजवर बदललेलं नाही.

घाटावरून पाहुणे आले की विचारतात, "गाव कुठं आहे?" प्रश्न रास्त आहे. देशावर भिंतीला भिंत लागलेली घरं, वेस, पार, बाजारपेठ असते. आमच्याकडे एसटीतून उतरलं की एक शाळा, एक देऊळ, दोन दुकानं आणि बाकी झाडी. गाव दिसतच नाही, कारण ते वाड्यांत पसरलेलं असतं. देऊळवाडी, भरडवाडी, वरचीवाडी, खालचीवाडी, कुंभारवाडी ही नावंच नकाशा सांगतात. कोण कुठल्या उंचीवर राहतं, काय करतं, कशाजवळ राहतं, ते नावात आहे.

वरून खाली उतरत गेलं की गावाचा उभा छेद कळतो. सगळ्यात वर सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. त्याखाली झाडीचा उतार. उताराच्या पायथ्याला भरड, म्हणजे थोडी उंच, पाणी न साचणारी जमीन. भरडाखाली मळा, भाताचे कोपरे. आणि सगळ्यात खाली खाडी असेल तर खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची जमीन. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्याच्या छिद्रांतून खाली मुरतं. जांभ्याखाली मऊ, पांढरट चिकणमातीचा थर असतो, तिथे ते अडतं आणि आडवं सरकून पायथ्याला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. वाड्या नेमक्या त्या रेषेवर आहेत. त्या रेषेच्या वर बांधलात तर उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, खाली बांधलात तर भाताची जमीन गेली आणि पावसाळ्यात उंबऱ्यात पाणी. पिकेल तिथे राहायचं नाही, हा गावाचा न लिहिलेला कायदा होता. तो मोडायला कुणाची बंदी नव्हती. तो मोडायची गरजच कुणाला पडत नव्हती.

याच जांभ्याला 'लॅटेराइट' हे नाव फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात दिलं. मलबारात लोक हा दगड जमिनीतून कापून विटेसारखा वापरतात हे त्याने पाहिलं आणि लॅटिनमधल्या विटेवरून नाव ठेवलं. जगभरच्या भूशास्त्रात चालणारं हे नाव पाथरवटाच्या हातातल्या वस्तूवरून आलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. जुने गवंडी चिरा काढून एक पावसाळा तसाच ठेवत आणि मग लावत. आता यंत्राने कापलेला साधारण चौदा बाय नऊ बाय सात इंचांचा चिरा सकाळी खाणीतून निघतो आणि संध्याकाळी भिंतीत जातो.

धामापुरात हे सगळं अधिक स्पष्ट दिसतं, कारण तिथे पाणी माणसांनी धरून ठेवलं आहे. विजयनगरच्या अमलात, १५३० साली, नागेश देसाई यांनी डोंगरांमधली घळ मातीच्या बांधाने अडवून तलाव केला. काठावर भगवतीचं देऊळ, त्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरणाऱ्या, सभामंडपाला कोरीव लाकडी खांब. बांधाच्या खाली पाटाच्या पाण्यावरची माड-पोफळीची कुळागरं, त्यांच्या खाली भात आणि पुढे कर्ली नदी. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. छायाचित्रं तलावाची छापून आली, ते ठीकच. पण मला विचाराल तर त्या तलावाचं निम्मं बांधकाम बांधाच्या खाली आहे. पाटाचं पाणी कुणाच्या बागेत आधी, कुणाच्या नंतर, कुठल्या घरामागून वळायचं, कुठल्या पाणंदीखालून जायचं, हे ठरलं म्हणून घरं तिथे बसली. तलाव राहिला आणि पाट बुजले तर उरेल ते एक सुंदर तळं.

त्या तलावाची एक गोष्ट गावात सांगतात. लग्नकार्य निघालं की फुलांची परडी पाण्यावर सोडायची, ती बुडायची आणि मग दागिन्यांनी भरून वर यायची. कार्य झालं की दागिने परत करायचे. कुणीतरी परत केले नाहीत, तेव्हापासून परडी वर येईनाशी झाली. मेस्तांनी मला ही गोष्ट बांधावर बसून सांगितली होती आणि लगेच दुसऱ्याच विषयावर गेले होते.

आता घराच्या आत येतो. बाहेरून घर लहान आणि ठेंगणं वाटतं, कारण छप्पर खूप खाली ओढलेलं असतं. आत शिरताना मोठ्या माणसाला वाकावं लागतं. भिंत बहुतेक घरांत मातीची, जोतं तेवढं चिऱ्याचं. मातीच्या भिंतीला पाऊस लागू द्यायचा नाही म्हणून पाखी खाली आणली. पश्चिमेकडून झड येते त्या बाजूला पावसाआधी माडाच्या चुडतांचे विणलेले झाप बांधायचे. खांब फणसाचे, वासे-रिपा भेरल्या माडाच्या किंवा किंजळ-आइनाच्या. वर कुंभाराचे नळे. पुढे मंगळुरी कौलं आली. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तिथली कौलं गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने उतरली. जुनं कौल उलटं करून बघा, पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं.

या घरात कायम टिकणारं असं जवळजवळ काही नाही आणि तेच त्याचं बळ. दर चैत्र-वैशाखात शाकारणी करायची, फुटका नळा काढून दुसरा बसवायचा. वासा कुजला तर वासा बदलायचा, घर पाडायचं नाही. भुई उखडली तर माती टाकून चोपण्याने चोपायची, शेणाने सारवायची. शंभर वर्षांचं घर म्हणतात तेव्हा त्यातला एकेक अवयव तीन-चारदा बदललेला असतो. टिकलेली असते ती मांडणी.

मांडणी मला समजावून सांगितली ती एका काकींनी. मसुऱ्यातलं घर होतं. मी आराखडा काढून त्यांना दाखवला. खोल्यांवर नावं घातली होती: हॉल, बेडरूम, किचन, स्टोअर. त्यांनी वाचता येईना म्हणून मला वाचून दाखवायला लावलं. 'स्टोअर'वर बोट ठेवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ता स्टोर न्हय रे झिला. हयसर माझी तिनय पोरां झाली." मग त्या उठल्या आणि मला घरभर फिरवलं. पुढचा लोटा पुरुषांचा, पाहुण्यांचा, तंटे-बखेडे मिटवायचा. मधली वळय घराची, तिथे भाताची कणगी, देवखोलीचं दार, रात्रीच्या अंथरुणांची जागा. मागची पडवी बायकांची. रांधपाच्या खोलीला एक हातभर खिडकी होती. चुलीपाशी बसलं की त्यातून बरोबर बाव, म्हणजे विहीर, आणि पाणंद दिसायची. बाहेरच्याला आतलं काही दिसत नसे. "कोण इलो, कोण गेलो, माका सगळा दिसता," काकी म्हणाल्या. त्या खिडकीची मी आराखड्यात फक्त लांबी-रुंदी घेतली होती. त्या दिवसापासून मी खोल्यांची नावं घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारून लिहितो. घरं पुरुषांच्या नावावर असतात, पण ती कशी चालतात हे बायकांना ठाऊक असतं.

गावाची शीव मला कळली ती आचऱ्यात, आणि तीही काम बंद पडल्यामुळे. एका घराचं छप्पर उतरवून ठेवलेलं होतं आणि गावपळण ठरली. श्री देव रामेश्वराचा कौल झाला की आचऱ्याची सगळी माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री यांच्यासह तीन दिवस आणि तीन रात्री गावाबाहेर जातात. दर तीन-चार वर्षांनी हे होतं. चिंदर आणि वायंगणीतही गावपळण आहे. माझी हत्यारं त्या उघड्या घरात राहिली आणि मी शिवेबाहेर माळावर त्या कुटुंबाच्या झोपडीत एक रात्र काढली. लहान मुलं दिवसभर हुंदडत होती, म्हातारी माणसं गाणी-भजनात होती. आणि गंमत म्हणजे शीव कुठे आहे हे त्यातल्या प्रत्येकाला पावलापर्यंत माहीत होतं. हा व्हाळ ओलांडायचा नाही, त्या आंब्याच्या पलीकडे आपला गाव, ही पायवाट शेजारच्या गावाची. कागदावरची हद्द मी कितीदा मोजली आहे. अंगात मुरलेली हद्द मी तिथेच पाहिली. तीन दिवस गाव रिकामा ठेवून लोक परत येतात तेव्हा गावाची आखणी त्यांनी पुन्हा एकदा पायांनी गिरवलेली असते.

या आखणीचं कौतुक करताना एक गोष्ट लपवणं मला जमणार नाही. पाण्याची वाट जशी वरून खाली जाते, तशी माणसांची मांडणीही वरखाली केलेली होती. अनेक गावांत आजची बौद्धवाडी शिवेला लागून, देवळापासून लांब सापडते. तिची बाव वेगळी. पाणंद मुख्य वाटेला कुठे मिळते ते पाहिलं तर कुणी कुणाच्या खळ्यासमोरून जायचं नाही हे दगडात लिहिलेलं दिसतं. घराच्या मागच्या अंगाला पाळीत वेगळं ठेवलेल्या बाईची जागा असे, तीही त्याच मांडणीचा भाग. गाव जसाच्या तसा राखा म्हणणाऱ्यांशी माझं इथे जमत नाही. पाण्याची अक्कल राखायची आहे, माणसं वेगळी बसवण्याची रीत राखायची नाही. या दोन गोष्टी एकाच नकाशात असल्या तरी त्या वेगळ्या करता येतात, कराव्याच लागतात.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. १९९६ साली एका कुटुंबाला रस्त्याकडेला नवं घर हवं होतं. जुनं घर वर, डोंगराच्या पायथ्याला. तिथे गाडी जात नव्हती. डांबरी रस्ता मळ्याच्या कडेने आला आणि तालुक्यात सगळीकडे घरं रस्त्याकडे सरकू लागली होती. जमीन मळ्यातली. मी चार फूट भराव घालायला सांगितला, व्हाळ आडवा येत होता तर त्यात पाइप टाकून वर अंगण केलं. स्लॅबचं देखणं घर झालं. दुसऱ्या वर्षी जुलैत डोंगरावरून आलेला पालापाचोळा पाइपात अडकला आणि रात्री दोन वाजता बैठकीच्या खोलीत गुडघाभर पाणी आलं. घरातल्या आजींना खुर्चीवर बसवून वरच्या जुन्या घरात नेलं. ते घर कोरडं होतं, चूल पेटवता आली. त्या घराच्या पागोळ्यांपासून मळ्यापर्यंतची वाट मला मेस्तांनी १९८९ साली शिकवलेल्या वाटेसारखीच होती आणि तिच्यावर मी अंगण बांधलं होतं. मेस्त तेव्हा हयात नव्हते. पुढल्या मे महिन्यात मी स्वखर्चाने पाइप काढून तिथे चिऱ्याची मोरी बांधून दिली. आता पाणी घरात येत नाही, पण मळ्याचे तीन कोपरे कायमचे गेले.

माणसं जुनी घरं का सोडतात, याचा दोष त्यांना द्यायला मी तयार नाही. शाकारायला माणसं मिळत नाहीत. माकडं कौलं फोडतात, एका सकाळीत शंभरेक कौलांचा चुरा होतो. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं सामायिक असतात, निम्मे मुंबईत, कुणी परदेशात. एकाने खर्च करायचा तर दुसऱ्याला वाटतं हा घर बळकावतोय. म्हणून कुणीच वासा बदलत नाही, आणि मग एका पावसाळ्यात आढं बसतं. कुलूप मात्र दारावर शाबूत असतं. माझ्या कामातलं सगळ्यात जड दृश्य तेच आहे: छप्पर आत कोसळलेलं, भिंती मातीत मिसळत चाललेल्या आणि दाराला कुलूप.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. नंतरचे दोन महिने मी रोज कुणाच्या तरी छपरावर होतो. पत्र्याची छपरं अख्खी उडून शेजारच्या बागेत पडली होती. कौलांच्या घरांची दीड-दोनशे कौलं गेली होती, सांगाडा जागेवर होता. पावसाच्या आत त्यांवर कौलं चढली. कौलच श्रेष्ठ असा निष्कर्ष यातून मी काढत नाही, पत्राही नीट बांधला तर टिकतो. पण ज्या घराची दुरुस्ती गावातल्या गावात, चार माणसांत होते, त्याची किंमत वादळानंतरच्या आठवड्यात कळते.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात आमच्या जिल्ह्यातले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. मालवणच्या समुद्रात २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याची पायाभरणी झाली त्या किल्ल्याचा अभिमान मला कुणाहून कमी नाही. पण त्या किल्ल्याला ज्या किनाऱ्याने माणसं आणि धान्य पुरवलं, त्या किनाऱ्याच्या गावांतली घरं कुठल्याच यादीत नाहीत. ती यादीत यावीत अशी माझी अपेक्षाही नाही. राहती घरं आहेत, ती बदलणारच. मला हवं आहे ते फार थोडं आहे.

यंदा गणपतीला गावी याल तेव्हा एक टेप आणि एक वही घेऊन या. जुनं घर पाडायचं ठरलं असेल तरी आधी त्याचं माप घ्या: खांब किती, खण किती, दारं-खिडक्या कुठे, बाव कुठे, मांगर कुठे. खोल्यांची नावं घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला विचारा आणि ती सांगेल त्या शब्दांत लिहा. पाऊस लागला की छत्री घेऊन खळ्यात उभे राहा आणि पागोळ्यांपासून मळ्यापर्यंत पाण्याच्या मागे चालत जा, वाट कागदावर उमटवा. नवं घर त्या वाटेवर बांधू नका. आणि त्या कागदाची एक प्रत गावच्या शाळेत ठेवा, पुढच्या गवंड्याला ती लागेल.